माळ्यावरची बाटली

प्रश्न: मुलगी ॲडलेडला असते, दिवाळीत येताना तिने कॅबरने-शिराझच्या (या दोन द्राक्षांची मिळून केलेली रेड वाइन) दोन बाटल्या आणल्या, 2021 च्या. एक लगेच उघडली तर तोंड चहाचा चोथा चावल्यासारखं तुरट झालं, वर घशात गरम लागलं. ती म्हणते दुसरी 10 वर्षं ठेवा बाबा, मग बघा. मी माळ्यावर ठेवलीये, अंधार असतो तिथे. बरोबर ना? आणि बूच नाही, फिरवायचं झाकण आहे, म्हणजे तिला स्वस्तातली टेकवली का?
- एक वाचक, पुणे

उत्तर: काका, आधी उठा आणि ती बाटली माळ्यावरून काढा! अंधाराचं बरोबर आहे हो, पण एप्रिल-मेमध्ये घरातली सगळ्यात तापलेली जागा तीच असते. रेड वाइनला वर्षानुवर्षं 12 ते 15 डिग्री लागते आणि तीही एकसारखी, उष्णतेने ती लवकर मुरत नाही तर शिजते, मग जांभळाचा ताजेपणा जाऊन शिजवलेल्या मनुकांसारखी चव उरते. वाइनचं वेगळं कपाट नसेल तर साधा फ्रिज बरा, तिथे मुरणं फार हळू होतं पण बिघडत तरी नाही. मला विचाराल तर 10 वर्षांचा नाद सोडा, दोन-तीन वर्षांत पिऊन टाका. मुलीकडे ठेवायचा विचार असेल तर तिथेही नुसतं कपाट चालणार नाही, ॲडलेडला जानेवारी 2019 मध्ये 46.6 डिग्री झालं होतं.

झाकणाची काळजी नको. ऑस्ट्रेलियात चांगल्या चांगल्या वाइनला फिरकीचंच झाकण असतं, बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास त्यात टळतो, आणि बूच सुकण्याची भीती नाही म्हणून बाटली उभी ठेवली तरी चालते.

तुरटपणा आला तो मुख्यतः कॅबरनेचा. तिथल्या लेबलवर जी द्राक्षं जास्त त्यांचं नाव आधी, म्हणजे तुमच्या बाटलीत कॅबरने जास्त आहे. कॅबरने सुरुवातीला आणि शेवटी जोरात लागते, मधे जरा पोकळ, ती पोकळी शिराझ भरून काढते, हीच या जोडीची गंमत. फ्रान्समध्ये बोर्दोवाले हे काम मर्लो नावाच्या द्राक्षाकडून करून घेतात. वय वाढतं तसं ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं तुरट द्रव्य, एकमेकांना चिकटून तळाशी गाळ होऊन बसतं, जांभळा रंग विटकरी होतो.

आणि घशातलं गरम? या वाइन बऱ्याचदा 14.5 टक्क्यांच्या असतात, त्यात आपण 'रूम टेंपरेचर' म्हणून पुण्यातली 30 डिग्री धरतो, मग नुसतं अल्कोहोलच नाकात जातं. काचेच्या जगमध्ये ओतून तासभर उघडी राहू द्या, आणि फ्रिजमध्ये ठेवून 16-18 डिग्रीला आणा. मग वास घ्या: जांभूळ, कधी निलगिरी, आणि अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली असेल तर चक्क सुकं खोबरं! सोबत तांबडा रस्सा मात्र नको, तिखटाने तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतं, कमी तिखटाचं सुकं मटण करा.

प्रश्न: पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या बिन 389 या वाइनला सगळे 'बेबी ग्रेंज' म्हणतात. म्हणजे ग्रेंजच ना, कमी पैशात?
- एक वाचक, मेलबर्न

उत्तर: नाही हो. ग्रेंज, म्हणजे त्यांची सगळ्यात नावाजलेली वाइन, जवळजवळ सगळी शिराझ, 389 ही कॅबरने-शिराझ. टोपणनाव पिंपांमुळे पडलं, आदल्या वर्षीची ग्रेंज ज्या पिंपांत होती त्यातल्या काहींमध्ये ही मुरते. दोन्ही पेनफोल्ड्ससाठी वाइन बनवणाऱ्या मॅक्स शुबर्टच्याच. 1957 मध्ये वरिष्ठांनी ग्रेंज बंद करायला सांगितली तर हा पठ्ठ्या तीन वर्षं चोरून बनवत राहिला, आणि 1960 मध्ये, ज्या वर्षी तो हुकूम मागे घेतला गेला, त्याच वर्षीची पहिली 389. तुमच्याकडे थंड जागा असेल तर सहा घ्या, दर दोन-तीन वर्षांनी एक उघडा, पहिली बहुतेक तुरटच लागेल.