दुधीला फुलं ढीगभर, दुधी मात्र एकही नाही

प्रश्न : गच्चीवर ग्रो बॅगमध्ये दुधीचा वेल लावलाय. महिना झाला पांढरी फुलं नुसती येतात आणि गळतात, चार-दोन बारके दुधी दिसले ते पण पिवळे पडून गेले. खत झालं, ताक शिंपडून झालं. शेजारचे काका म्हणतात औषध मार. त्यांची निफाडला द्राक्षबाग आहे, तिथे म्हणे मधमाशांची गरजच पडत नाही, मग माझ्या दुधीलाच का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, औषध राहू द्या, आधी एक जास्वंद तोडून आणा. बुडाशी हिरवी निदलं, मग पाकळ्या, मधून बाहेर आलेली लांब दांडी. दांडीवरचे पिवळे ठिपके म्हणजे पुंकेसरांचे, म्हणजे फुलातल्या नर भागाचे परागकोश, बोट लावलं की पिवळी पूड लागते तेच पराग. टोकाला पाच मखमली गोळे दिसतात ती कुक्षी, आणि पार खाली लपलेलं अंडाशय, हा झाला मादी भाग. म्हणजे नर-मादी एकाच फुलात.

दुधीचं तसं नाही, तिथे दोघांची घरं वेगळी. नर फूल लांब बारीक देठावर नुसतं उभं, आणि मादी फुलाच्या खाली बोटाएवढा लवदार दुधी. तो खरं तर अजून दुधी नाहीच, अंडाशय आहे. कुक्षीवर पराग पडला की त्यातून बारीक नळी फुटते, ती आत बीजांडापर्यंत पोचते, त्याचंच बी धरतं आणि मग फळ वाढायला लागतं. पराग पोचलाच नाही तर वेल ते पिवळं करून टाकून देतो, तुमच्याकडे बहुतेक हेच चाललंय. सुरवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात, त्याचं टेन्शन नको.

दुसरी गंमत म्हणजे दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे जास्त करून रातचे पतंग येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या एकट्या वेलाकडे कोण येणार? म्हणून तुम्हीच पतंग व्हा. दिवेलागणीला ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच सगळीकडे फिरवा, एकाच बाजूला लागला तर दुधी वाकडा होतो. (लाल भोपळा लावलात तर हेच काम सकाळी लवकर, दुपारपर्यंत ते फूल मिटतं.)

काकांचं द्राक्षापुरतं बरोबर आहे. द्राक्षाच्या इवल्याशा फुलात पाकळ्या वर चिकटून टोपी झालेली असते, ती बुडातून सुटून पडते आणि आतले पुंकेसर शेजारच्याच कुक्षीवर पराग टाकतात. थॉमसन या द्राक्षाच्या जातीत तर बी धरतं पण लगेच वाढायचं थांबतं म्हणून ते बिनबियांचं, आणि मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) मारावं लागतं ते काकांना माहीतच असेल. पण त्यांना एवढं विचारा, कांद्याचं बी घरी धरायचं झालं तर डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांवर मधमाशा नकोत का? तिथे लागतातच, आणि नेमकं फुलोऱ्यात औषध मारलं की त्याच आधी मरतात.