टर्बोच्या तेलाची नळी : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

प्रश्न : जुन्या मारुती जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला मी भंगारातून आणलेला एका डिझेल मोटारीचा लहान टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवीत आहे. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा फाटा) स्वतःच वेल्डिंग करून तयार केले. आता टर्बोला तेल पोहोचवणाऱ्या नळीपाशी काम अडले आहे. स्टीलची जाळी असलेली तयार नळी जोडण्यांसह घ्यायची तर चार हजारांच्या घरात जाते. फ्रिजची पाव इंची तांब्याची नळी घरी पडून आहे. एक मेकॅनिक ब्रेकचा पाईप वापरा म्हणतो, तर दुसरा डिझेल पंपापासून नोझलपर्यंत जाणारा पाईप सुचवतो. यांपैकी काय घ्यावे? गाडी फक्त शेतावर चालवायची आहे. – एक वाचक, कराड

उत्तर : तांब्याची नळी आजच बाजूला ठेवावी. आपण सुचवलेल्या तिन्ही पर्यायांत ती सर्वांत सोयीची दिसते आणि तीच सर्वांत घातक आहे. खात्री करून घ्यायची असेल तर तिचा वीतभर तुकडा हातात घेऊन एकाच जागी दहा-बारा वेळा मागेपुढे वाकवून पाहावा. पहिल्यांदा तो मेणासारखा वाकतो, मग हाताला ताठ लागू लागतो आणि थोड्याच वेळात वाकवल्या जागी चीर पडते. तांबे हलवत राहिले की कडक होत जाते आणि अखेर तडकते. चार सिलिंडरचे इंजिन ३००० फेऱ्यांवर चालत असताना मिनिटाला ६००० स्फोट होतात आणि त्या प्रत्येक स्फोटाचा हादरा नळीपर्यंत पोहोचतो. नळी तडकते ती बहुधा नटाच्या लगेच मागे, म्हणजे टर्बोच्या लाल झालेल्या भागापासून हातभर अंतरावर. त्या लोखंडावर दाबाने उडालेल्या गरम तेलाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. फ्रिजमध्ये हीच नळी वर्षानुवर्षे टिकते, कारण तिथे तिला असा हादरा आणि अशी उष्णता सोसावी लागत नाही.

डिझेल पंपाचा पाईप मात्र कमालीचा मजबूत असतो आणि तुटण्याची भीती जवळपास नसते. त्याची अडचण भोकाची आहे. बाहेरून तो ६ मिलिमीटरचा दिसला तरी आतले भोक साधारण २ मिलिमीटरचेच असते. नळीतून दाट द्रव वाहताना दाबाची घट भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे व्यास निम्मा केला की तितक्याच तेलाला सोळापट दाब लागतो. आपल्यासाठी एक हिशेब करून पाहिला. नळी ६० सेंटिमीटर लांब, तेल १५डब्ल्यू-४० आणि १०० अंशांपर्यंत तापलेले, प्रवाह मिनिटाला ३ लिटर असे धरले, तर ५ मिलिमीटर भोकाच्या नळीत सुमारे पाव बार (बार हे दाबाचे माप) दाब खर्ची पडतो, ३.३ मिलिमीटर भोकात सुमारे सव्वा बार आणि २ मिलिमीटर भोकात साडेनऊ बार. इंजिनाचा तेलपंप धावत्या गाडीत तीन-चार बार देतो. तेव्हा या शेवटच्या नळीतून पुरेसे तेल जाणारच नाही, आणि सकाळी थंड इंजिनात तेल कित्येक पटींनी दाट असताना तर मुळीच नाही.

राहिला ब्रेकचा पाईप, आणि आपल्या मेकॅनिकचा सल्ला अर्धा बरोबर आहे. मोटारीच्या ब्रेकला वापरतात तो पाईप ३/१६ इंची असतो. वरच्या हिशेबातले ३.३ मिलिमीटरचे भोक त्याचेच. आखूड लांबीत तो चालून जातो आणि अनेकांनी तो चालवलाही आहे. पण गरम इंजिन मंद गतीवर असताना मूळ दाबच एक बारच्या आसपास उरतो, त्यात ही कपात मला पटत नाही. त्याच जातीचा पाव इंची स्टीलचा पाईप घ्यावा. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात तो मीटरवर मिळतो, त्याचे भोक जवळपास ५ मिलिमीटरचे असते आणि नट घालून तोंड फुलवून देण्याचे काम ब्रेकवाला दहा मिनिटांत करतो. तोंड दुहेरी फुलवून घ्यावे, कारण एकेरी फुलवलेले तोंड कडेला चिरण्याची शक्यता असते.

याहून स्वस्त असा एक मार्ग आपल्या पत्रात नाही, आणि मी आपल्या जागी असतो तर आधी त्याचाच शोध घेतला असता. ज्या गाडीतून टर्बो काढला, तिचा मूळ तेलपाईप त्याच भंगारवाल्याकडे पडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बहुतेक कारखाने या जागी स्टीलचाच वळवलेला पाईप बसवतात. त्याचे टर्बोकडचे टोक, बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून तेल जाते असा पोकळ बोल्ट) आणि वॉशरची बैठक हे सारे आपल्या टर्बोला तंतोतंत बसते. इंजिनाकडचे टोक तेवढे बदलून घ्यावे लागते. घेताना त्यात डोकावून पाहावे. जुन्या तेलाचा कोळसा आत चिकटलेला असेल आणि तार फिरवूनही निघत नसेल, तर तो पाईप घेऊ नये. काही गाड्यांच्या बॅन्जो बोल्टमध्ये बारीक जाळी असते. ती तुंबून टर्बो गेल्याची उदाहरणे मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही आहेत, म्हणून जाळी निघाली तर ती स्वच्छ आहे याची खात्री केल्याविना बोल्ट बसवू नये.

सगळी नळी स्टीलची ठेवायची असेल तर वाटेत एक मोठे, मोकळे वळण द्यावे, म्हणजे मॅनिफोल्ड तापून फुगले तरी ताण त्या वळणात जिरतो. दर वीतभर अंतरावर रबर लावलेला क्लॅम्प हवा. लवचीक तुकडा हवाच असेल तर तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे होज पाईप प्रेस करून देणारे दुकान गाठावे. तिथला नेहमीचा पाव इंची, एका जाळीचा रबरी होज दोनशे बारच्या वर दाब सोसतो, त्यामुळे दाबाची काळजी नाही. त्याची मर्यादा उष्णतेची आहे. तो सतत १०० अंशांपर्यंतच चालवावा असे त्याचे मानक सांगते, आणि टर्बोजवळचे तेल ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून दुकानदाराकडे आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला होज मागावा. दोनशे अंशांनाही त्याला काही होत नाही. चार हजारांची तयार नळी म्हणून जी विकली जाते, ती पुष्कळदा हीच वस्तू असते.

आता आट्यांविषयी, कारण तेल बहुधा इथेच गळते. जिप्सीच्या ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांची जोडणी) बसवून तेल घ्यावे. तिथले आटे १/८ इंची, इंचाला २८ असे ब्रिटिश पद्धतीचे निमुळते आहेत. बाजारात अमेरिकी पद्धतीचे १/८ इंची, इंचाला २७ आट्यांचे फिटिंगही मिळते आणि हातात दोन्ही सारखीच दिसतात. चुकीचे फिटिंग दोन-तीन फेरे छान बसते, मग जड जाते. आपल्याला वाटते की घट्ट झाले, आणि तेल मात्र पाझरत राहते. आणखी जोर लावला की आटे जातात. जुना स्विच बरोबर नेऊन दुकानात मादी फिटिंगमध्ये बोटांनी फिरवून पाहावा. स्विच काढून टाकून त्याच्याच जागी नळी लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या स्विचवर चालणारा तेलाचा दिवा आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा आहे.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. पहिल्या जोडणीत मी स्वतः ती गुंडाळली होती. महिन्याभरात टर्बो शिट्टी मारू लागला. उघडला तेव्हा बेअरिंगच्या तेलाच्या भोकात केसाएवढा एक पांढरा धागा आडवा बसलेला होता आणि त्या बाजूचा शाफ्ट निळा पडला होता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो आणि त्याच्या बुशाभोवतीची (बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते धातूचे नळकांडे) फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. तिथे धाग्यालाही जागा नसते. आट्यांना लावायचे द्रवरूप सीलंट वापरावे आणि पहिले दोन आटे कोरडे सोडावेत. बॅन्जो बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर लागतात. जुनेच वापरायचे असतील तर चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावेत आणि पाण्यात टाकावेत. ते पुन्हा मऊ होतात. तांब्याचा योग्य उपयोग या कामात एवढाच.

पाईप हॅक्सॉने न कापता पाईप कटरने कापावा, आतली कोर काढावी, रॉकेलने धुऊन हवा मारावी. होजवाला होज घासणाऱ्या चाकावर कापतो, त्यामुळे आत काळी भुकटी राहते; ती त्याच्या दुकानातच हवेने उडवून घ्यावी. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा, इग्निशन कॉईलची जोडणी काढून ठेवावी आणि परतीच्या नळीतून तेल येईपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारावा. गाडी रस्त्यावर आणण्याचा विचार पुढे आलाच, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांविषयीचे) आधी वाचावे.

प्रश्न : मी जुन्या डिझेल जीपला टर्बो बसवला. तेल पाव इंची नळीने दिले आहे. गाडी मंद गतीवर उभी असली की सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तेल जास्त जात आहे, म्हणून नळीत एक मिलिमीटर भोकाची चकती टाका असे सांगण्यात आले. टाकावी काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नये. एक मिलिमीटरच्या आसपासचे भोक बॉल बेअरिंगच्या टर्बोला सांगितलेले असते, आणि आपल्याकडे भंगारात मिळणारे बहुतेक टर्बो बुशाचे असतात. चकतीने धूर कदाचित कमी होईल. बुश किती दिवस टिकतील याची हमी मात्र कोणी देणार नाही.

धुराचे मूळ बहुधा परतीच्या नळीत असते. टर्बोच्या शाफ्टवर क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) असते तशी रबरी सील नसते, पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक रिंग असते. ती तेल अडवू शकत नाही. बुशांमधून बाहेर पडलेले तेल स्वतःच्या वजनाने लगेच खाली निघून गेले तरच ती रिंग पुरते. शिवाय बाहेर पडणारे तेल हवेत घुसळले जाऊन ताकावरच्या फेसासारखे झालेले असते, त्याला जागा जास्त लागते. म्हणून आत येणारी नळी पाव इंची असली तरी परतीची आतून किमान अर्धा इंच आणि जमल्यास १६ मिलिमीटरची हवी. तिला सतत उतार हवा. मध्ये झोळ पडला की तिथे तेल साचते. ती चेंबरला (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला) तेलाच्या पातळीच्या वर आणि क्रँकचे फटकारे बसणार नाहीत अशा जागी जोडलेली हवी. टर्बोचे तेल निघण्याचे तोंड सरळ खाली असावे, थोडे कललेले चालते, आडवे चालत नाही.

खात्री करून घेणे सोपे आहे. परतीची नळी चेंबरपासून सोडवून खाली ठेवलेल्या डब्यात सोडावी, चेंबरवरचे भोक बुचाने बंद करावे आणि इंजिन मिनिटभरच मंद गतीवर चालवावे. डब्यातले तेल नंतर मोजून परत भरावे. धूर थांबला तर दोष नळीच्या जाडीत, उतारात किंवा जोडणीच्या जागेत आहे. जोडणी निर्दोष असूनही धूर येत राहिला तर इंजिनाचा ब्रीदर (चेंबरमधला वायू बाहेर सोडणारी वाट) पाहावा. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर चेंबरमधला वायूचा दाब तेलाला वर ढकलतो, आणि तेव्हा टर्बोला दोष देण्यात अर्थ नसतो.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी १५० सीसीच्या मोटारसायकलीच्या इंजिनाला छोटा टर्बो लावत आहोत. तेल त्याच इंजिनातून घेता येईल काय? – तीन विद्यार्थी, सांगली

उत्तर : बहुधा नाही. अशा इंजिनांचा क्रँक बॉल बेअरिंगवर आणि कनेक्टिंग रॉड सुयांच्या बेअरिंगवर फिरतो. त्यांना तेलाचा शिडकावा पुरतो, म्हणून पंपही तेवढ्याच ताकदीचा असतो. टर्बोच्या बुशांना मात्र दाबाखालचे तेल हवे. शिवाय हेच तेल क्लचमधून फिरते आणि क्लचप्लेटांची झीज आपल्याबरोबर आणते. काही करण्याआधी गेज लावून गरम इंजिनाचा मंद गतीवरील दाब मोजावा. मोटारीच्या इंजिनाशी तुलना करता तो अगदीच कमी भरला, तर दोन-तीन लिटरची वेगळी टाकी, मोटारीचा साधा तेलफिल्टर आणि गरम तेल सोसणारा छोटा पंप असे स्वतंत्र चक्र करावे. टाकी टर्बोच्या खाली बसवावी, म्हणजे परतीसाठी दुसरा पंप लागत नाही. पंप बंद पडला तर इंजिनाला कळत नाही, ते धावतच राहते. म्हणून त्या नळीवर प्रेशर स्विच लावून तो रिलेमार्फत इग्निशनशी जोडावा. सुरू करताना आधी पंप, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन आणि दोन मिनिटांनी पंप.