फायनल इयर प्रोजेक्टसाठी मोबाईल एजंट (एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाऊन तिथे चालणारा प्रोग्रॅम) घ्यावा का? रेस्ट एपीआयपेक्षा, म्हणजे सर्व्हरला वेबवरून विनंती पाठवून उत्तर मागवण्यापेक्षा, त्यात वेगळं काय?

घ्या, पण डेटा मोठा, उत्तर छोटं आणि प्रश्न सारखा बदलणारा असेल तरच.

समजा वागळे इस्टेट, ऐरोली आणि महापे इथल्या 3 सर्व्हरवर प्रत्येकी 2 जीबी लॉग आहेत आणि हव्यात फक्त फसलेल्या लॉगिनच्या नोंदी. सगळे लॉग 100 एमबीपीएसच्या लाइनवरून ओढायचे तर लाइन पूर्ण मोकळी असली तरी 8 मिनिटं जातात. एजंट काही केबींचा. तो सर्व्हरवर जाऊन तिथेच लॉग चाळतो आणि नोंदी घेऊन परततो. हीच गाळणी सर्व्हरवरच्या एपीआयमध्ये आधीपासून असेल, तर मात्र एजंट कशाला? उद्या वेगळीच गाळणी लागली आणि 3 ठिकाणी नवा कोड बसवायचा नसेल, तिथे त्याचा खरा उपयोग. एकच एजंट तिन्हीकडे फिरवू नका, 3 प्रती एकदम सोडा. पहिल्या ठिकाणच्या उत्तरावरून पुढचं ठिकाण ठरत असेल तरच फिरता एजंट बरा.

जेड वापरा, ही एजंट बनवायची जावातली तयार लायब्ररी. एजंट जेडच्या कंटेनरमध्ये चालतात; एका मशीनवर मेन कंटेनर चालू करायचा, बाकीच्यांवर त्याचा आयपी देऊन साधे कंटेनर. डिफॉल्ट पोर्ट 1099, फायरवॉलमध्ये अडकतो का ते आधी बघा. उबुंटूवर होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव 127.0.1.1 ला बांधलेलं असतं, हा पत्ता फक्त त्या मशीनच्या आतच चालतो. त्यामुळे कंटेनर बाकीच्यांना तोच पत्ता सांगतो आणि जोडणी होत नाही. तिथे लॅनचा आयपी लिहा.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती स्थलांतरात. जावाची व्हर्च्युअल मशीन थ्रेडचा स्टॅक (कोड कुठवर चालला याची नोंद) बाहेर देत नाही, म्हणून एजंट अर्ध्या ओळीवरून पुढे चालू होत नाही. सीरियलाइझ होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बदलून, जातात ती फक्त ऑब्जेक्टची फील्ड्स. कुठवर काम झालं हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. पोहोचल्यावर एजंटची सुरुवातीची मेथड 'सेटअप' पुन्हा चालत नाही, 'आफ्टरमूव्ह' ही मेथड चालते. उघडी फाइल, सॉकेट, डेटाबेस कनेक्शन 'ट्रान्झियंट' करा (म्हणजे ते सीरियलाइझ होत नाही), निघण्याआधी चालणाऱ्या 'बिफोरमूव्ह'मध्ये बंद करा आणि 'आफ्टरमूव्ह'मध्ये पुन्हा उघडा, नाहीतर सीरियलायझेशनची एरर येऊन एजंट जागचा हलत नाही.

एजंटमध्ये पासवर्ड ठेवू नका. कोडवर सही असली तर सर्व्हरला एजंटची खात्री पटते, पण सर्व्हर एजंटची मेमरी वाचू शकतो, त्याला सही थांबवत नाही.

10 एमबी, 100 एमबी आणि 2 जीबीच्या फाइलवर दोन्ही पद्धतींचा वेळ आणि नेटवर्कवरचे बाइट्स मोजा. छोट्या फाइलवर बहुधा रेस्टच जिंकेल, तोही आकडा रिपोर्टमध्ये ठेवा.