गटकाम वर्गातच पुरं करून घ्या

मॅडम, पहिल्या सेमिस्टरला गटकाम देणार असाल तर गट तुम्हीच पाडा, चौघाचौघांचे. मुलांवर सोडलंत तर खानापूरची पोरं एकीकडे, निपाणीची दुसरीकडे बसतात. मराठी माध्यमातून आलेली आणि कन्नड माध्यमातून आलेली तर एकमेकांकडे बघतही नाहीत. मिसळून बसवा. आपसात कुठल्या भाषेत बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. तिथे इंग्रजीचा हट्ट धरलात की निम्मा वर्ग गप्प होतो.

खरी मेख कामाच्या आखणीत आहे. ‘या विषयावर चर्चा करा’ म्हटलं की एक हुशार मुलगी लिहिते, बाकीचे मोबाईल बघतात. त्यावर जिगसॉ पद्धत उत्तम. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला ती सुरू केली. समजा विषय निपाणीच्या तंबाखूचा. एकाला शेतकऱ्याची बाजू द्या, दुसऱ्याला व्यापाऱ्याची, तिसरीला विडी कामगार बाईची, चौथ्याला सरकारी कराची. वेगवेगळ्या गटांतले एकच बाजू मिळालेले सगळे आधी एकत्र बसून ती पक्की करतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. शेवटी छोटी चाचणी घ्या, पण प्रत्येकाची वेगळी आणि चारही बाजूंवर. मग ऐकल्यावाचून कुणाला गत्यंतर उरत नाही.

आणि हे सगळं तासातच उरका, कृपा करून घरी देऊ नका. कॉलेज सुटलं की बस गाठायची असते, विशेषतः गावाकडच्या मुलींना. त्या थांबू शकत नाहीत आणि गुण मात्र त्यांचेच जातात.