पीटर्सबर्गचे राजवाडे: खरे किती, नव्याने बांधलेले किती?

प्रश्न: जूनमध्ये आम्ही चौघं सेंट पीटर्सबर्गला जातोय. आमचे मोठे दीर म्हणतात की तिथले चर्च, राजवाडे सगळे महायुद्धात उद्ध्वस्त झाले, आता दिसतं ते डुप्लिकेट, त्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे. हे खरंय का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अर्धं खरं आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मला अजिबात पटत नाही. जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला, 8 सप्टेंबर 1941 ते 27 जानेवारी 1944, म्हणजे 872 दिवस, पण त्यांना शहरात शिरता आलं नाही. त्यामुळे शहरातलं बरंचसं जुनंच आहे, तोफगोळे खाल्लेलं पण जुनं. शहराबाहेरचे राजवाडे मात्र त्यांच्या हातात पडले, तिथे खरी वाट लागली.

शहरात आधी सेंट आयझॅक कॅथेड्रल बघा. 1818 ते 1858, तब्बल 40 वर्षं काम चाललं होतं. त्याचा सोन्याचा घुमट लांबून दिसतो म्हणून युद्धात तो करड्या रंगाने झाकला होता आणि बाहेरच्या राजवाड्यांतून जे काही हलवता आलं त्यातलं बरंच सामान याच्या तळघरात ठेवलं होतं. समोरच्या चौकात 1942 साली कोबी लावला होता, खायला, कारण शहर उपाशी मरत होतं! त्याच चौकात बियाण्यांची संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ धान्याच्या पोत्यांशेजारी भुकेने गेले पण जपून ठेवलेल्या बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. कॅथेड्रलच्या खांबांवर गोळ्याने उडालेले टवके मुद्दाम तसेच ठेवलेत, खाली पाटी आहे की शहरावर पडलेल्या 1,48,478 गोळ्यांपैकी एकाची ही खूण. ती पाटी मी कितीतरी वेळ वाचत उभी होते.

मग ते रंगीबेरंगी घुमटांचं रक्तावरचं चर्च. 1881 मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याच्यावर बॉम्ब टाकला गेला, अगदी त्याच जागी 1883 ते 1907 मध्ये ते बांधलं. आत 7000 चौरस मीटरहून जास्त मोझॅक आहे, मान दुखेपर्यंत वर बघत राहतो आपण. वेढ्यात तिथे प्रेतं ठेवायचे, नंतर नाटकाचे सेट, आणि 1961 मध्ये घुमटात एक न फुटलेला गोळा सापडला, म्हणजे इतकी वर्षं तो तिथेच होता. रिस्टोरेशन होऊन 1997 मध्ये लोकांसाठी उघडलं.

आता डुप्लिकेटचा मुद्दा. शहराबाहेरच्या पीटरहॉफचा मोठा राजवाडा जळाला, तिथल्या कारंज्यातला सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसनचा पुतळा चोरीला गेला, आज दिसतो तो 1947 चा. पण कारंजी 1946 मध्येच सुरू केली होती, युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं, लोकांकडे खायला नीट नव्हतं. आणि पाणी अजूनही 20 किलोमीटरहून लांबून, उंचावरून कालव्यांनी येतं, एकही पंप नाही, शहर वसवणाऱ्या झार पीटरच्या काळात आखलेली तीच रचना! त्सारस्कोये सेलो या बाहेरच्याच राजवाड्यातली अंबर रूम, म्हणजे अंबर नावाच्या पिवळसर राळेच्या तुकड्यांनी मढवलेली खोली, हरवलीच, नवी करायला 1979 ला सुरुवात केली ती 2003 ला उघडली. 24 वर्षं लोक जुन्या फोटोंवरून अंबरचे बारीक तुकडे जोडत होते. पावलोव्स्कच्या राजवाड्यात तिथल्या संग्रहालयाच्या अ‍ॅना झेलेनोव्हा आणि सहकाऱ्यांनी प्राचीन पुतळे तळघरात भिंत बांधून लपवले, ते जर्मनांना सापडलेच नाहीत, ते अस्सल आहेत.

आणि डुप्लिकेटच म्हणायचं तर शहरातला झारांचा मुख्य राजवाडा, विंटर पॅलेससुद्धा 1837 च्या आगीत आतून जळून नव्याने सजवलेला आहे, त्याला कोणी नकली म्हणत नाही. तुमच्या दिरांना एवढं जरूर सांगा.

प्रश्न: सासूबाईंचे गुडघे दुखतात. आयझॅकच्या वर चढणं जमेल का? बागा कोणत्या सोप्या? (त्याच वाचक)

उत्तर: वरच्या सज्जापर्यंत दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत, गोल गोल जिना, मी तरी चढवणार नाही. तुम्ही आळीपाळीने जा, त्यांच्याजवळ कोणीतरी थांबा. बागेसाठी समर गार्डन, सपाट आहे, झाडांखाली बाकं आहेत. तिथले संगमरवरी पुतळे युद्धात जमिनीत पुरून वाचवले, आता बागेत त्यांच्या प्रतिकृती आहेत आणि मूळ पुतळे जवळच मिखाइलोव्स्की कॅसलमध्ये, दोन्ही बघा. पीटरहॉफचा खालचा बगीचाच 102 हेक्टर आहे, सगळा चालायचा हट्ट नको, सॅमसनपासून समुद्राकडे जाणाऱ्या कालव्याच्या कडेने जमेल तेवढं हळूहळू जा. कारंजी साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर चालू असतात, त्यामुळे जून बरोबर निवडलात, शिवाय रात्री अकरालासुद्धा उजेड असतो. सासूबाईंसाठी एक शाल मात्र घ्या, नेवा नदीवरून वारा गार येतो.