लिस्बनला कुटुंबासाठी सुट्टीपुरतं घर भाड्याने घेताना काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याहून तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठ व अकरा वर्षांची मुलं नाताळच्या सुट्टीत पाच रात्री लिस्बनला जाताय. हॉटेलच्या तीन खोल्यांपेक्षा एक फ्लॅट परवडतो, पण फसवणुकीची आणि परक्या घरात काही झालं तर काय, याची धास्ती आहे. मी शिवोलीला पाहुण्यांना घरं देते आणि नणंद लिस्बनजवळ राहत असल्याने तिकडच्या भाड्याच्या घरांतही राहिले आहे. म्हणून घरमालकाच्या बाजूने सांगते: जाहिरातीत काय दाखवलंय ते सगळेच बघतात, तुम्ही काय दाखवलेलं नाही ते बघा.

फोटोग्राफर यायचा असला की आम्ही कपडे वाळवायचा स्टँड, झाडू, बादल्या सगळं मागच्या दारी नेऊन ठेवतो. वाइड लेन्सने लहानशी खोली हॉलसारखी दिसते. इथवर ठीक आहे, सगळेच करतात. पण शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असलं की कॅमेरा पलीकडे वळवणारेही आमच्यातच आहेत. त्यामुळे खिडकीबाहेरचा एकही फोटो नसेल तर मालकाला सरळ विचारा की प्रत्येक बेडरूमला खिडकी आहे का आणि ती कुठे उघडते. लिस्बनच्या जुन्या इमारतींत मधल्या खोल्यांना खिडकीच नसणं अगदी नेहमीचं आहे. परीक्षणं वाचताना सर्वांत ताजी वर आणा, आणि त्यातही गेल्या हिवाळ्यातली शोधा. जुलैत राहून गेलेला माणूस पाच तारे देईल, पण डिसेंबरात ते घर किती गार पडतं हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आता फसवणुकीबद्दल. आपल्याकडे कळंगुट-कांदोळीच्या व्हिलांच्या नावाने खोट्या जाहिराती टाकून ॲडव्हान्स उकळण्याचे प्रकार तुम्ही पेपरात वाचले असतीलच. आमच्या वाड्यावर एक कुटुंब बॅगांसह शेजाऱ्यांच्या फाटकात उभं राहिलं होतं. मोबाइलवर त्याच घराचे फोटो, त्याच तुळशीवृंदावनासकट, आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. शेजाऱ्यांनी घर कधी भाड्याने दिलेलंच नव्हतं. फोटो कुठून उचलले, कोणी उचलले, शेवटपर्यंत कळलं नाही. लिस्बनमध्येही हीच युक्ती चालते: दर आजूबाजूच्या घरांपेक्षा बराच कमी, आणि मग निरोप की साइटचं कमिशन वाचवू, पैसे थेट बँकेत पाठवा. तिथेच विषय संपवा. बोलणं आणि पैसे दोन्ही ज्या साइटवरून बुकिंग केलं तिथेच ठेवा. बुकिंग झाल्यावर ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द होईल’ अशी लिंक आली, तर ती साइटच्याच चॅटमध्ये आलेली असली तरी उघडू नका. यजमानाचं खातं हॅक करून असे निरोप पाठवले जातात.

पोर्तुगालमध्ये पडताळणीची एक चांगली सोय आहे. पर्यटकांना दिलेल्या अशा घरांना तिथे ‘अलोजामेंतु लोकाल’ म्हणतात, त्यांची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणी क्रमांक जाहिरातीत द्यावाच लागतो. आकडा, मग तिरकी रेघ आणि पुढे एएल, असा तो दिसतो. ‘तुरिज्मु द पुर्तुगाल’ या सरकारी पर्यटन संस्थेच्या ऑनलाइन नोंदवहीत तो टाकला की घराचा पत्ता आणि किती माणसांची परवानगी आहे ते दिसतं. तुम्ही सहाजण, आणि नोंद चौघांची असेल तर सोफा-कम-बेडच्या भरवशावर जाऊ नका. क्रमांकच नसेल तर दुसरं घर बघा. गोव्यातही पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, किती घरांनी केलीय ते सोडा.

दोन मागण्या मात्र घाबरायच्या नाहीत. एक, पासपोर्टची माहिती. परदेशी पाहुण्यांची नोंद सरकारकडे करणं तिथल्या यजमानावर बंधनकारक आहे, जशी आम्हाला इथे २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. दुसरी, पर्यटक कर. लिस्बनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून तो माणशी दर रात्री ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत, आणि १३ वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे तुमचे चार मोठ्यांचे ८० युरो. काही साइट तो बुकिंगमध्येच घेतात, काही ठिकाणी घरी पोचल्यावर मागतात. दोनदा भरला जात नाही ना, एवढं पावतीवर बघा.

सासू-सासऱ्यांसाठी पत्ता नीट वाचा. तळमजला शून्य धरतात, तेव्हा तिसरा मजला म्हणजे तीन जिने. पत्त्यात आकड्यानंतर ‘दिरेइतु’ लिहिलं असेल तर जिन्यातून वर आल्यावर उजवीकडचं दार, ‘इश्केर्दु’ असेल तर डावीकडचं. अल्फामा भाग फोटोंत देखणा आहे, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तोच भाग नको. चढ, पायऱ्या, आणि पावसात गुळगुळीत होणारी पांढऱ्या दगडांची फरसबंदी. लिस्बनला पाऊस जास्त करून हिवाळ्यातच पडतो. मेट्रोजवळचं, सपाटीवरचं, लिफ्ट असलेलं घर घ्या, अल्फामा दिवसा फिरून या.

गॅस गीझरवर मी जरा थांबणार आहे, कारण याबद्दल कोणी विचारत नाही. जुन्या घरांत स्वयंपाकघरात किंवा चक्क न्हाणीत गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर असतो. थंडीत सगळ्या खिडक्या बंद, सहाजणांच्या आंघोळी एकामागून एक, आणि धुराडं नीट नसलं की घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली तर प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका. खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा. जाहिरातीत ‘कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहे’ अशी खूण असते, पण ती यजमानाने स्वतःच केलेली असते. हीटर गॅसचा की विजेचा, आणि अलार्म कुठे बसवलाय त्याचा फोटो मागा. शिवाय बॅटरीवर चालणारा एक अलार्म बॅगेत टाकाच. सहाजणांची झोप त्याच्या भरवशावर असेल तर वजन जास्त नाही.

पोचल्यावर पहिल्यांदा अग्निशामक सिलिंडर, आग विझवायचं ब्लँकेट आणि प्रथमोपचार पेटी शोधा. तिथल्या नियमानुसार या वस्तू घरात हव्यात आणि ११२ हा क्रमांक दिसेल असा लावलेला हवा. मग मीटरबोर्ड कुठे आहे ते विचारा. घराला मंजूर विजेचा भार कमी असतो. रूम हीटर, ओव्हन आणि किटली एकदम लावलीत की मेन पडतो आणि अंधारात शोधाशोध होते. बऱ्याच जुन्या इमारतींत सेंट्रल हीटिंग नाही, हे बुकिंगआधीच लक्षात घ्या.

आणि दार! बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. ओढलंत की लॉक. मुलगा कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेला, मागून दार लागलं, चावी आत टेबलावर, असं सहज होतं, आणि सुट्टीच्या रात्री किल्लीवाला बोलावणं स्वस्त नाही. दोन जोड चाव्या मागून घ्या, एक सासऱ्यांच्या खिशात राहू दे.

घरात छुपा कॅमेरा असेल का, असंही तुम्ही विचारलंय. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायलाच बंदी केली आहे, अगदी सांगून ठेवलेलासुद्धा. बेडरूम-न्हाणीत पलंगाकडे तोंड करून ठेवलेलं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर एवढं नजरेखालून घाला. संशय आला तर फोटो काढून साइटला कळवा, बाकी तो शोध घेत रात्र घालवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून व्हिसा येईपर्यंत फुकट रद्द होणारंच बुकिंग करा आणि त्यात सहाही नावं पासपोर्टप्रमाणे असू द्यात. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, तुम्ही नाताळात जाताय तर चवथीच्या आधी फाइल तयार ठेवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सासऱ्यांना आधीपासून असलेले आजार त्यात येतात का, ते एजंटला तोंडी नाही, पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करा आणि मर्यादा कमी ठेवा, कारण तिकडे ओटीपीशिवायही पैसे कापले जातात. आपले दोन पिनांचे चार्जर तिथे बहुतेक चालतात, तीन पिनांना अडॅप्टर लागेल.

घरात शिरल्याबरोबर, बॅगा उघडण्याआधी, प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा: भिंतीवरचे डाग, तुटलेली कडी, गळका नळ. जे मोडलेलं दिसेल ते त्याच दिवशी यजमानाला चॅटवर फोटोसह लिहा. निघताना डिपॉझिट कापायचा विषय आलाच तर तोंडी वाद घालण्यापेक्षा तो व्हिडिओ पाठवता येतो. तुम्ही निवडलेल्या दोन-तीन घरांचे दुवे इथे प्रतिसादात टाकलेत तर फोटो बघून काय खटकतंय ते सांगेन.