मराठवाड्यात झिंगे पाळताना: नवख्यांसाठी चार गोष्टी

घरच्या काचेच्या टाकीत शोभेचे झिंगे पाळायचं ठरवलंत, फार छान वाटलं. सुरुवात लाल चेरी श्रिम्प या गोड्या पाण्यातल्या छोट्या झिंग्यानेच करा. क्रिस्टल श्रिम्प या दुसऱ्या जातीला मऊ म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं, आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. चेरीला थोडं जड पाणी मानवतं. कवचाला कॅल्शियम लागतंच.

नवखे सर्वात जास्त चुकतात ते घाईत. टाकी भरली की त्याच दिवशी झिंगे सोडू नका. स्पंज फिल्टर आणि जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झुडूप) लावा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि 4 ते 6 आठवडे थांबा. खाद्य कुजून होणारे अमोनिया, नायट्राइट हे विषारी घटक पाणी तपासायच्या किटवर शून्य दिसले की मगच 10-12 झिंगे आणा.

बाकी एवढं सांभाळा:

- नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतो, आधी डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला.
- तांबं असलेलं माशांचं औषध टाकीत नको. झिंगे मरतात.
- खाद्य 2-3 तासांत संपेल इतकंच.
- कात टाकलेली दिसली तर काढू नका, ते ती खातात.

आपली खरी परीक्षा एप्रिल-मेची. पाणी 30 अंशांवर गेलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. टाकी खिडकीपासून लांब ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. बाष्पीभवनाने पाणी 2-3 अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने करा, कारण क्षार टाकीतच राहतात. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम बदललेलं त्यांना सोसत नाही. जमलं तर दिवाळीनंतरच सुरुवात करा, उन्हाळ्यापर्यंत टाकी चांगली मुरते.